परतीची वाट आणि कोल्हापूरची नेमणूक

परदेशगमनाची वर्णने आपल्या भाषेत पुष्कळ झाली आहेत. आगबोट धक्क्यावरून कशी सुटली, पहिले बर्फ केव्हा दिसले, शाकाहारी माणसाचे जेवणाचे हाल कसे झाले, हे सारे प्रवासी मोठ्या हौसेने सांगतात व आपणही ते आवडीने वाचतो. परंतु परदेशात काही वर्षे काढलेल्या माणसाचे तेथील शेवटचे आठवडे कसे जातात, याविषयी लिहिलेले क्वचितच आढळते. वास्तविक जाण्यापेक्षा परतणे अधिक कठीण असते. जाताना माणूस तरुण असतो, उमेदीत असतो, आणि पुढे काय आहे हे त्यास ठाऊक नसते. परतताना पाठीशी कष्टांचे ओझे असते, समोर लोकांच्या अपेक्षा असतात, आणि ज्या परक्या माणसांनी आपलेसे केले त्यांचा निरोप घ्यावयाचा असतो. आमचे कळंबा एके काळी कोल्हापूरलगतचे साधे खेडे होते. तेथेही सांप्रत अशी घरे आहेत, की ज्यांचा मुलगा किंवा लेक समुद्रापार शिकते आहे आणि ज्यांच्या देवघरात परतीचा दिवस मोजला जातो. अशा घरांस उपयोगी पडावी अशी एक हकीकत आज सांगावयाची आहे.

ही हकीकत डॉक्टर आनंदीबाई जोशी यांची आहे. त्यांचे नाव कोणास ठाऊक नाही? पाश्चात्त्य वैद्यकाची पदवी मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रियांत त्यांची गणना होते, हे शाळेतील मुलेही सांगतात. श्री. ज. जोशी यांची ‘आनंदी गोपाळ’ ही कादंबरी १९६८ साली निघाल्यापासून तर ते नाव घरोघरी पोचले. परंतु पदवीदान आणि मृत्यू या दोन टोकांमध्ये जे महिने गेले, त्यांकडे आपले लक्ष कमी जाते. १८८६ च्या उन्हाळ्यात आणि शरदात आनंदीबाई अमेरिका सोडण्याच्या तयारीत होत्या, आणि त्या ज्या गावी कामावर रुजू व्हावयास निघाल्या होत्या, ते गाव आमचे कोल्हापूर होय.

या कथेचा आरंभही कोल्हापुरातच झाला, हे येथे सांगितले पाहिजे. आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ चा. माहेरचे नाव यमुना. नवव्या वर्षी त्यांचा विवाह गोपाळराव जोशी यांच्याशी झाला. गोपाळराव टपाल खात्यात नोकरीस होते. बायकोस शिकवावयाचेच, असा त्यांचा ध्यास होता आणि त्या ध्यासाचा जाच त्या लहान मुलीस पुष्कळ सोसावा लागला. १८७८ साली गोपाळराव कोल्हापुरास असताना त्यांनी अमेरिकेतील पाद्री वाइल्डर यांस पत्र लिहिले. वाइल्डरसाहेब पूर्वी बरीच वर्षे कोल्हापुरात मिशनचे काम करून स्वदेशी परतले होते. पत्नीच्या शिक्षणासाठी अमेरिकेत काही सोय होईल काय, अशी पृच्छा त्या पत्रात होती. साहेबांचे उत्तर धर्मांतराच्या उपदेशाकडे झुकलेले होते. तथापि त्यांनी हा पत्रव्यवहार आपल्या नियतकालिकात छापला. १८८० साली न्यू जर्सी प्रांतातील रोझेल गावच्या श्रीमती थिओडोशिया कार्पेंटर दंतवैद्याकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत बसल्या असता तो अंक त्यांच्या हाती पडला. त्यांनी आपण होऊन पत्र धाडले, आणि ज्यांनी एकमेकींस पाहिलेही नव्हते अशा दोन स्त्रियांमध्ये मावशी-भाचीचे नाते जडले. आनंदीबाई त्यांस मावशी म्हणूनच लिहीत.

दरम्यान आनंदीबाईंवर मोठा आघात होऊन गेला होता. त्यांचे पहिले मूल दहा दिवसांचे होऊन गेले, तेव्हा त्यांचे स्वतःचे वय अवघे चौदाच्या आसपासचे होते. वैद्यकीच शिकावयाची, हा निश्चय येथून दृढ झाला. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी बंगाल्यातील श्रीरामपूर येथे त्यांनी जाहीर सभेत आपला मनोदय सांगितला. आपल्या देशातील स्त्रिया पुरुष डॉक्टरापुढे आपले दुखणे उघड करीत नाहीत. म्हणून स्त्री वैद्य हव्यात, आणि मी हिंदू म्हणूनच जाईन व हिंदू म्हणूनच परत येईन, असा त्या भाषणाचा आशय होता. ७ एप्रिल रोजी, पती बरोबर नसता, त्या कलकत्त्याहून निघाल्या आणि ४ जून १८८३ रोजी न्यूयॉर्कला उतरल्या. त्या शहराचा प्रसिद्ध ब्रुकलिन पूल त्याआधी अवघ्या अकरा दिवसांपूर्वी, म्हणजे २४ मे रोजी, वाहतुकीस खुला झाला होता. अठरा वर्षांची ही मुलगी उतरली ती अशा उसळत्या महानगरात.

फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात पुढील तीन वर्षे गेली. तेथील प्रमुख डॉक्टर रेचल बॉडली यांनी त्यांच्यावर माया केली. परंतु मायेने थंडी हटत नाही. नऊवारी नेसण्यात पाय उघडे पडत व त्यांस गारठा लागे, म्हणून आनंदीबाईंनी पुढे गुजराती पद्धतीने नेसण्यास आरंभ केला. लुगडे मात्र सोडले नाही. शाकाहारही सोडला नाही. १० ऑक्टोबर १८८५ चे एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्यात जपानच्या केई ओकामी व सिरियाच्या साबत इस्लामबुली या सहाध्यायिनींसह आनंदीबाई आपापल्या देशाच्या वेषात बसलेल्या आहेत. तिघींच्याही चेहऱ्यांवर अभ्यासाचा भार दिसतो. ११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाईंस एम. डी. ची पदवी मिळाली. प्राचीन हिंदूंच्या प्रसूतिविद्येवर त्यांनी प्रबंध लिहिला होता. पंडिता रमाबाई त्या समारंभास मुद्दाम इंग्लंडहून गेल्या होत्या, आणि गोपाळरावही आदल्या वर्षीच अमेरिकेस येऊन दाखल झालेले होते.

येथे क्षणभर कोल्हापुराकडे वळू. त्या वेळी संस्थानात पुढे राजर्षी म्हणून गाजलेले शाहू महाराज केवळ बारा वर्षांचे होते. १८८४ साली ते दत्तक आले होते आणि कारभार इतरांच्या हाती होता. नगर मात्र झपाट्याने बदलत होते. नगरभवन १८७६ साली पुरे झाले होते. नवा राजवाडा १८८४ साली उभा राहिला होता. शहरास पुरेसे पाणी मिळावे म्हणून आमच्या कळंब्याचा तलाव बांधण्यात आला, तोही एकोणिसाव्या शतकाच्या त्याच अखेरच्या पंचवीस वर्षांतला. कात्यायनीच्या डोंगराकडील पाणी अडवून ते नगरात न्यावयाचे, ही योजना आरोग्याचीच होती. कारण पुष्कळ आजार पाण्यातून येतात. इंग्लंडच्या युवराजाचे नाव दिलेले आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयही झाले होते. दगडी भिंती होत्या, खाटा होत्या, औषधे होती. नव्हती ती एकच गोष्ट: जिच्यापुढे वाड्यातील सून आणि झोपडीतील कुणबीण निःसंकोच तोंड उघडील, अशी डॉक्टरीण.

ही उणीव एकट्या कोल्हापूरची नव्हे. १८८५ साली लेडी डफरिन यांनी हिंदी स्त्रियांस स्त्री डॉक्टरांकरवी वैद्यकीय मदत मिळावी म्हणून देशव्यापी निधी स्थापन केला. मुंबईचे कामा रुग्णालय १८८६ साली उघडले. कलकत्त्याच्या कादंबिनी गांगुली त्याच वर्षी तेथील वैद्यकीय महाविद्यालयातून उत्तीर्ण झाल्या. सारा देश जणू एकाच वेळी जागा होऊन स्त्री डॉक्टर शोधू लागला होता, आणि त्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. अशा वेळी कोल्हापूर संस्थानाकडून आनंदीबाईंस पत्र गेले: आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयाच्या स्त्री विभागाच्या प्रमुख म्हणून आपण यावे. ज्या गावातून आठ वर्षांपूर्वी शिक्षणाची याचना करणारे पत्र अमेरिकेस गेले, त्याच गावाने आता त्या शिक्षणाची याचना करणारे पत्र अमेरिकेस पाठवावे, हा योग मोठा विलक्षण म्हटला पाहिजे. आनंदीबाईंनी नेमणूक स्वीकारली.

परदेशातील शेवटचे महिने खरे तर आनंदाचे जावयास हवे होते. पदवी हाती होती, मानाची जागा ठरली होती, पती जवळ होता. परंतु शरीराने साथ सोडली. पदवीनंतर प्रत्यक्ष रुग्णसेवेचा अनुभव घ्यावा म्हणून त्या बोस्टनच्या स्त्रिया व मुलांसाठी असलेल्या न्यू इंग्लंड रुग्णालयात गेल्या होत्या. परंतु प्रकृतीमुळे तेथील काम फार काळ चालवता आले नाही. पुन्हा रोझेलच्या मावशींचे घर हाच आधार उरला. ज्या घरात अठराव्या वर्षी पाहुणी म्हणून पाऊल टाकले, त्याच घरात एकविसाव्या वर्षी डॉक्टर होऊन, पण रोगी म्हणून, निरोपाचे दिवस काढावे लागले.

या दुखण्याचे नाव क्षय. त्याच्याविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत, नाहीतर या आठवड्यांचा अर्थ नीट कळावयाचा नाही. क्षयाचे जंतू जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांनी १८८२ साली, म्हणजे आनंदीबाई अमेरिकेस निघाल्या त्याच्या आदल्याच वर्षी, शोधून काढले होते. कारण सापडले होते. औषध सापडले नव्हते. क्षयावर खरोखर चालणारे पहिले औषध, स्ट्रेप्टोमायसिन, १९४३ साली उजेडात आले. मधल्या साठ वर्षांत वैद्यांच्या हाती विश्रांती, सकस अन्न, मोकळी हवा आणि धीर एवढेच होते. छातीच्या रोग्याने उष्ण हवेत जावे, समुद्रावरील वारा घ्यावा, असा सल्ला त्या काळचे युरोप-अमेरिकेतील वैद्य सर्रास देत. तेव्हा आनंदीबाईंनी अशा अवस्थेत प्रवास करावयास नको होता, असे आज कोणी म्हणेल तर ते योग्य होणार नाही. दुसरा हिवाळा त्या थंडीत काढणे हेही मरणच होते. राहावे तर थंडी, निघावे तर प्रवास. आणि पलीकडच्या तीरावर एक रुग्णालय वाट पाहत आहे. या तिन्हींच्या तोलात त्यांनी निघणे पत्करले.

परदेशातून परतणाऱ्या कोणाही माणसास हे आठवडे दोन जिवांनी जगावे लागतात. एक जीव खोली रिकामी करतो, पुस्तके बांधतो, ऋणे फेडतो, ओळखीच्या दारांवरून शेवटचे फिरतो. दुसरा केव्हाच घरी जाऊन पोचलेला असतो आणि तेथील माणसे काय म्हणतील याचा विचार करीत असतो. आनंदीबाईंच्या बाबतीत हा दुसरा विचार साधा नव्हता. समुद्र ओलांडलेल्या ब्राह्मण स्त्रीस घरची पंगत मिळेल काय? परधर्मीयांत राहून आली म्हणून बायका तिला शिवतील काय? आणि शिवल्या नाहीत, तर स्त्री विभागाची प्रमुख होऊन ती करणार काय? श्रीरामपूरच्या सभेत दिलेला शब्द त्यांनी पाळला होता. वेष, आहार व धर्म जसेच्या तसे घेऊन त्या निघाल्या होत्या. आमच्या मते याचे कारण केवळ धर्मनिष्ठा नव्हे. ज्या बायकांची सेवा करावयाची, त्यांच्यापैकीच एक राहिल्यावाचून ती सेवा घडणार नाही, ही त्यात जाण होती. अमेरिकेतील तीन वर्षांच्या थंडीत सांभाळलेले ते लुगडे कोल्हापुरातील रोगिणींसाठी होते, असे म्हटले तर चुकीचे होणार नाही.

९ ऑक्टोबर १८८६ रोजी जोशी दांपत्याने न्यूयॉर्क सोडले. बंदराच्या तोंडाशी असलेल्या बेटावर त्या दिवसांत स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याचे तांब्याचे पत्रे चढवण्याचे काम शेवटास आले होते; त्याचे उद्घाटन त्याच महिन्याच्या २८ तारखेस व्हावयाचे होते. येताना या महानगराने नवा पूल दाखवला, जाताना अपुरा पुतळा. मधल्या तीन वर्षे चार महिन्यांत एका मराठी मुलीने तेथून जे घ्यावयाचे ते घेतले होते. मावशी-भाचीची पुन्हा भेट झाली नाही.

इंग्लंडच्या वाटेने प्रवास करीत १६ नोव्हेंबर १८८६ रोजी त्या मुंबईस पोचल्या. लोकांनी गौरव केला, वृत्तपत्रांनी स्तुती केली. परंतु कोल्हापूरच्या रुग्णालयात रुजू होण्याइतकी शक्ती त्या देहात परत आलीच नाही. उपचारांसाठी त्यांस पुण्यास ठेवण्यात आले. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, स्वदेशी आल्यापासून १०२ दिवसांनी, त्यांची प्राणज्योत मालवली. बाविसावे वर्ष पुरे होण्यास एक महिना व काही दिवस उरले होते. त्यांची रक्षा श्रीमती कार्पेंटर यांजकडे अमेरिकेस पाठवण्यात आली, आणि न्यूयॉर्क प्रांतातील पकिप्सी येथे, मावशींच्या आप्तांच्या स्मशानभूमीत, तिची स्थापना झाली. देह मायदेशी आला आणि राख परदेशी गेली. परतीचा असा उलटा प्रवास दुसऱ्या कोणाच्या वाट्यास क्वचितच आला असेल.

कोल्हापुरास असे दुःख अगदी नवीन होते असे नाही. सोळा वर्षांपूर्वी छत्रपती राजाराम महाराज विलायतेची सफर करून परत येत असता इटलीतील फ्लॉरेन्स शहरी ३० नोव्हेंबर १८७० रोजी निवर्तले. ते केवळ वीस वर्षांचे होते. आर्नो नदीच्या तीरावर त्यांचे दहन झाले आणि तेथे त्यांचे स्मारक आजही उभे आहे. राजा असो की टपालखात्यातील कारकुनाची पत्नी असो, परदेशाची परतीची वाट दोघांसही सारखीच कठोर ठरली. एकाचा पुतळा नदीकाठी राहिला. दुसरीची जागा रुग्णालयात रिकामी राहिली.

या हकीकतीचा अर्थ लोकांनी आपापल्या मताप्रमाणे लावला. समुद्रोल्लंघनाचे फळ मिळाले, असे म्हणणारे तेव्हा होते. याच्या उलट, हौतात्म्याची आरती ओवाळून स्वस्थ बसणारे आजही आहेत. आम्हांस दोन्ही मार्ग सोयीचे वाटतात, खरे वाटत नाहीत. आनंदीबाईंस पापाने मारले नाही आणि त्या मरणासाठी गेल्याही नव्हत्या. त्या काम करावयास परत येत होत्या. म्हणून त्यांच्या मरणाकडे पाहताना आपण प्रश्नही कामाचाच विचारला पाहिजे: एवढ्या कष्टाने मिळवलेली विद्या अखेर रोगिणीच्या उशाशी का पोचली नाही?

त्याचे उत्तर आमच्या अल्पमतीप्रमाणे असे आहे. विद्या ग्रंथात असते तोवर ती कोणाचीही असते. पण परदेशातून ती माघारी आणावयाची तर एक जिवंत देहच ती वाहून आणतो. त्या देहाकडे तेव्हा पुरेसे पाहिले गेले नाही. पदवी, भाषणे, कीर्ती यांची विचारपूस पुष्कळ झाली. खोली ऊबदार आहे काय, पोटभर जेवण होते काय, खोकला किती दिवसांचा आहे, हे प्रश्न मागे पडले. गोपाळरावांच्या जिद्दीवाचून आनंदीबाई डॉक्टर झाल्या नसत्या हे खरे. परंतु जिद्द आणि जपणूक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही तितकेच खरे. पहिली कार्यास आरंभ करून देते, दुसरी ते शेवटास नेते.

दुसरी गोष्ट अशी, की एकाच माणसावर साऱ्या नगराची आशा टांगून ठेवणे बरे नव्हे. आनंदीबाई गेल्या आणि कोल्हापूरची खुर्ची रिकामी राहिली, कारण त्यांच्यामागे दुसरी कोणी उभी नव्हती. पण त्या खुर्चीची गरज एकदा मान्य झाली होती, आणि ती मान्यता पुसली गेली नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी डॉक्टर कृष्णाबाई केळवकर यांनी याच आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात काम केले. त्या कोल्हापूरच्याच कन्या. शाहू महाराजांनी त्यांच्या शिक्षणास आश्रय दिला होता, आणि त्याही पुढील शिक्षणासाठी परदेशी जाऊन परत आल्या. जी वाट १८८६ साली अर्ध्यावर राहिली, ती अशी पुरी झाली. तेच रुग्णालय आज छत्रपती प्रमिलाराजे यांच्या नावाने चालते, आणि तेथे रोगी तपासणारी डॉक्टर स्त्री असली तर कोणास त्याचे नवल वाटत नाही. नवल वाटेनासे होणे हेच या साऱ्या खटाटोपाचे फळ होय.

ज्या घरांतील मुले आज परदेशी आहेत, त्यांच्या आईवडिलांस एवढेच सुचवावेसे वाटते. परतीचा दिवस जवळ आला, की पत्रांत आणि बोलण्यात नोकरी, पगार व लग्न यांची चर्चा आपोआप होतेच. त्या आठवड्यांत आणखी थोडे विचारावे: झोप लागते काय? तेथे जी माणसे आपली झाली त्यांचा निरोप नीट घेऊन झाला काय? अंगावर काढलेले एखादे दुखणे तेथेच दाखवून घेतले काय? आणि आल्याबरोबर कामावर जाण्याची घाई न करता महिनाभर घरी राहण्यास मुभा आहे, हे त्यास आधीच कळवले काय? हे प्रश्न अगदी साधे आहेत. पण १८८६ च्या शरदात रोझेलच्या त्या घरात बांधाबांध चालली असता, त्यांतील एकाही प्रश्नाचे समाधानकारक उत्तर आनंदीबाईंस देता आले नसते, असे आम्हांस वाटते.